बायोप्सी करून घ्याच
सासूबाईंच्या एंडोस्कोपीत नुसती सूज आणि छोटा अल्सर दिसला मग बायोप्सी (तपासायला छोटा तुकडा काढणं) कशाला, असं विचारलंय तुम्ही. अहो, करून घ्याच! पोटातला लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) कॅमेऱ्यात कधीकधी अगदी साध्या गॅस्ट्रायटिससारखा (जठराच्या सुजेसारखा) दिसतो आणि अस्तराच्या खालीही लपलेला असू शकतो, म्हणून एका तुकड्याने भागत नाही, वेगवेगळ्या जागचे बरेच तुकडे घ्यावे लागतात. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूचीही टेस्ट सांगा, पोटातला माल्ट नावाचा हळू वाढणाऱ्या प्रकारचा लिम्फोमा बहुतेकदा त्या जंतूमुळे होतो आणि लवकर सापडला तर बऱ्याच जणांचा नुसत्या अँटिबायोटिक्सच्या कोर्सने जातो, केमो लागतच नाही!! पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तुम्ही ऐरोलीतच आहात, सेकंड ओपिनियन हवं तर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर आहे, फक्त जाताना लॅबकडून बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या.