मदत हवी आहे: हायवेवरच्या हॉटेलात ६० किलोवॅटचा चार्जर बसवायचाय पण डीपीवर लोड नाही, सोबत बॅटरी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. आमचं उंब्रजच्या अलीकडं पुणे-बेंगळुरू हायवेला लागून हॉटेल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गेल्या वर्षभरात हिरव्या पाटीच्या गाड्या खूप वाढल्यात, गाडी आत वळली की पहिला प्रश्न चार्जिंग आहे का, आणि नाही म्हटलं की जेवायलासुद्धा न थांबता पुढं निघून जातात. मे महिन्यात एक कुटुंब ११ टक्क्यांवर आलं, सोबत लहान मुलगी, पुढच्या चार्जरपर्यंत जायची त्यांची हिंमत होईना. किचनमागच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर गाडी लावून दिली, चार तासांत जेमतेम १०-१२ युनिट गेले असतील, तेवढा वेळ ती पोरगी आमच्या आईपाशी झोपली होती. तेव्हापासून वडिलांनी धरलंय की आपल्याकडं चार्जर पाहिजेच, आणि मलाही ते मनापासून पटलंय.

आता अडचण सांगतो. हॉटेलचा सँक्शन लोड ८० किलोवॅट आहे. फॅमिली हॉलचे एसी, डीप फ्रीझर, एक्झॉस्ट, बोअरची मोटर सगळं धरून संध्याकाळी ४५ ते ५० पर्यंत जातं असं आमचा वायरमन म्हणतो. म्हणजे उरतात ३०. चार्जर मला ६० किलोवॅटचा दोन गनवाला (दोन चार्जिंग केबलचा) सीसीएस २, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक ईव्ही कारना चालणाऱ्या फास्ट चार्जिंग प्लगचा, घ्यायचाय. वीज कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर डीपी (आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर) फुल आहे, लोड वाढवायचा तर नवीन ट्रान्सफॉर्मर आणि ११ केव्हीची लाईन स्वतःच्या खर्चानं ओढा म्हणाले, आणि ती लाईन दोघांच्या रानातून येते त्यातला एकजण पोल उभा करू देत नाही.

मग एक वेंडर आला, तो म्हणतो लाईनचा नाद सोडा, १०० युनिटची बॅटरी घ्या, रात्रभर हळूहळू भरेल आणि गाडी आली की ग्रिड आणि बॅटरी मिळून ६० देतील. ऐकायला एकदम पटलं, पण बॅटरीचं कोटेशन चार्जरच्या जवळजवळ अडीचपट आहे. गर्दीचा अंदाज म्हणाल तर आमच्या पोरांनी तीन रविवार दुपारी ४ ते रात्री १० हॉटेलच्या पाटीपाशी बसून मोजलंय, चार्जिंग मागणाऱ्या साधारण १२ गाड्या. शुक्रवारी संध्याकाळी त्याहून थोड्या कमी, बाकी दिवशी तीन-चार. एवढ्यावर बॅटरी परवडते का, १०० युनिट पुरतील का, आणि चार्जिंगचं लायसन वगैरे लागतं का (मेहुण्यानं घाबरवलंय), कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी लायसनचं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की चार्जिंग स्टेशन चालवायला विजेचं लायसन लागत नाही, ती वीजविक्री नाही, सेवा आहे. तेव्हा मेहुण्यांना निवांत राहू दे. पण चार्जर, केबल, अर्थिंग हे सगळं लायसनधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घे, तिथं तडजोड नको.

आता हिशेब कर माझ्याबरोबर. १२ गाड्या, प्रत्येकी सरासरी २५ युनिट, म्हणजे ३०० युनिट सहा तासांत. तुझे उरलेले ३० किलोवॅट सहा तास सलग चालले तर १८० युनिट ग्रिडमधूनच येतात, कमी पडतात १२०. बॅटरीत घालताना आणि काढताना मिळून दहा-पंधरा टक्के जातात, शिवाय ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून १०० ची बॅटरी हातात ८५ च्या आसपास देते असं धर. पूर्ण १२ गाड्यांना १५० ची लागेल. पण उलट्या बाजूनं बघ, बॅटरी नसली तरी तू ७ गाड्या करतोस आणि १०० ची घेतलीस तर १०. म्हणजे अडीचपट पैसे घालून आठवड्यातून एकदा तीन गाड्या जास्त, शुक्रवारी एखाद-दुसरी. ज्या दिवशी तीन-चारच गाड्या येतात त्या दिवशी तर बॅटरी नुसती बसून राहणार.

आणि एक, वायरमनच्या अंदाजावर जाऊ नकोस. मीटरचा एमआरआय रिपोर्ट (मीटरमधली साठवलेली नोंद) वीज कंपनीकडून मागून घे, त्यात प्रत्येक वेळेचा लोड निघतो. माझ्या अनुभवात हॉटेलांचा खरा लोड सांगतात त्यापेक्षा कमीच निघालाय.

प्रतिसाद २

मी गाडीवाला म्हणून लिहितो, पुणे-कोल्हापूर महिन्यातून दोनदा होतं. मला ६० मिळालं काय आणि ३० मिळालं काय, कुटुंबासोबत जेवायला बसलो की पाऊण तास जातोच. ३० वर पाऊण तासात वीसेक युनिट आले तरी माझ्या गाडीत १२५ किलोमीटर वाढतात, घरी पोचायला तेवढं रग्गड होतं. आम्हाला खरा त्रास वेगाचा नाहीच, चार्जर बंद असणं, ॲपवर चालू दिसणं आणि तिथं पोचल्यावर विचारायला माणूस नसणं हा आहे. तुमच्याकडं रात्री माणूस असतो, लाईट असते, स्वच्छ संडास असतो. गाडी लावून बायकापोरांना घेऊन निर्धास्त बसता येतं ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. एक विनंती, ८० टक्क्यांनंतर गाडी आपोआप हळू घेते आणि मागचा उगाच ताटकळतो, तेव्हा गर्दीत ८० ला गन काढायचा नियम ठेवा.

प्रतिसाद ३

बॅटरीवाल्या दोन प्रोजेक्टवर काम केलंय म्हणून थोडं लांब लिहितो.

युनिट आणि किलोवॅट यात गल्लत होऊ देऊ नका. १०० युनिट म्हणजे टाकी केवढी, पण तिचा नळ केवढा ते पीसीएसवर, म्हणजे बॅटरीत वीज घालणाऱ्या-काढणाऱ्या कन्व्हर्टरवर ठरतं. कोटेशनमध्ये पीसीएस किती किलोवॅटचा लिहिलाय ते आधी बघा. दुसरं, सेल एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, एनएमसी या दुसऱ्या लिथियम प्रकारापेक्षा उष्णता जास्त सोसतात आणि आयुष्यही जास्त. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली कॅबिनेट ठेवाल तर त्याचं कूलिंगच दिवसरात्र वीज खात बसेल, आणि तुमचं हॉटेल आहे म्हणून मुद्दाम सांगतो, गॅस सिलिंडरच्या बँकेपासून आणि किचनच्या भिंतीपासून ती लांबच पाहिजे. वॉरंटी वर्षांत नको, किती सायकलनंतर (एकदा भरून रिकामी झाली की एक सायकल) किती टक्के कपॅसिटी राहील ते लेखी घ्या.

परदेशातली उदाहरणं वेंडर दाखवतात ती खोटी नसतात, पण तिथलं गणित वेगळं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जास्त लोडवर लागणारा आकार, इतका जबर असतो की नुसता पीक कापूनच बॅटरीचे पैसे निघू शकतात. आपल्याकडं केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार्जिंग स्टेशनला ३१ मार्च २०२८ पर्यंत एकभागी दर (नुसता युनिटवर, लोडचा वेगळा आकार नाही) ठेवायला सांगितलंय, आणि सकाळी ९ ते दुपारी ४ स्वस्त, बाकी वेळ महाग. प्रत्यक्ष तुम्हाला काय लागू होतं ते राज्याच्या टॅरिफ ऑर्डरमध्ये बघा, पण इथं बॅटरीची कमाई मुख्यतः दुपारची स्वस्त वीज संध्याकाळी वापरण्यातून येणार, आणि त्याला रोज गाड्या पाहिजेत. रात्रभर भरेल असं जो म्हणतो त्यानं तुमचा दर बघितलेलाच नाही.

अजून एक. कॅलिफोर्नियाची फ्रीवायर नावाची कंपनी नेमकी हीच वस्तू बनवायची, आत १६० युनिटची बॅटरी आणि ग्रिडकडून फक्त २७ किलोवॅट. कल्पना उत्तम होती, तरी २०२४ मध्ये कंपनी बंद पडली. सगळं एकाच डब्यात असलं की कंपनी गेल्यावर पार्ट आणि सॉफ्टवेअर आणायचं कुठून? म्हणून चार्जर वेगळा आणि बॅटरी वेगळी घ्या, चार्जर ओसीपीपीवर, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरशी जुळणाऱ्या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारा घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समोर बसूनसुद्धा सांगितलं नव्हतं. आत्ता कोटेशन काढून बघितलं, पीसीएस २५ किलोवॅटचाच आहे. म्हणजे ३० आणि २५ मिळून ५५, चार्जरचा लॉस काढला की गाडीत ५०-५२ च जाणार, आणि तोंडानं मात्र ६० सांगितलं होतं. विचारल्यावर तो म्हणाला वाढवून देतो, किंमत वाढेल.

एमआरआयसाठी अर्ज उद्याच देतो. हॉटेलचा लोड खरंच ५० च्या आत असेल तर सँक्शन लोड तेवढा कमी करून सुटलेले ३० नवीन ईव्ही कनेक्शनला मिळतील का? डीपीवर एकूण भार तर तेवढाच राहतोय ना.

प्रतिसाद १

बरोबर दिशेनं चाललायस. तसाच अर्ज कर, पण तोंडी नको, लेखी, आणि पोच घे. फक्त लक्षात ठेव, दोन मीटर झाले की ईव्हीच्या मीटरवर हॉटेलचं काही चालवायचं नाही, एक बल्बसुद्धा. आणि हॉटेलचा लोड उतरवताना दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला आकडा बघ, नुसता पावसाळ्यातला नको, नाहीतर मे महिन्यात लोड ओलांडून दंड भरशील.

धागाकर्ता

हो, मागच्या बारा महिन्यांचा मागतो. वडिलांशी बोललो, ठरलंय असं की चार्जर ६० चाच घ्यायचा पण सेटिंगमध्ये ३० वर बांधून सुरू करायचा, आणि पार्किंग खोदतोच आहोत तर बॅटरीसाठी एक चौथरा आणि रिकामा पाईप आत्ताच टाकून ठेवायचा, किचनच्या विरुद्ध बाजूला, चिंचेच्या सावलीत. वर्षभर गाड्यांची वही ठेवतो, किती आल्या, किती थांबल्या, किती परत गेल्या.

आता एकच राहिलं. दोन गन एकदम चालू असल्या तर ३० मधले १५-१५ वाटले जातील की पहिल्या गाडीला जास्त मिळतं? हे चार्जरवर ठरतं की गाडीवर? कोणी ६० चा दोन गनवाला चालवत असेल तर सांगा, ऑर्डर देण्याआधी वेंडरला नेमकं काय विचारायचं ते लिहून घेतोय.