४३० किलोमीटरला एक तास पंचवीस मिनिटं कशी?

बी-४०२: एक शंका आहे. आई उद्या एकटीच विमानाने येतेय. दोन्हीकडचे विमानतळ लहान. एका साइटवर अंतर ४३० किमी आणि वेळ ५० मिनिटं दिसतेय. तिकिटावर मात्र ११:४० ते १:०५. तिला घ्यायला किती वाजता पोचू?

ए-१०३: मला तर अंतर २३२ दिसतंय. तुमची साइट चुकतेय का बघा.

सी-६०१: चूक कोणाचीच नाही. २३२ हे नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, गुणून बघा.

बी-४०२: अच्छा! पण मग वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक कसा, काका?

सी-६०१: साइट नकाशावरचं सरळ अंतर घेते आणि वेगाने भागते. तुझ्या आईचं विमान बहुधा पंख्यांचं एटीआर असेल, लहान विमानतळांवर तेच जास्त येतं. त्याचा वेग ताशी साधारण ५०० किमी. म्हणून ५० मिनिटं. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे जागेवर थांबलं की संपते. मधे धावपट्टीपर्यंत जाणं, चढताना कमी वेग, उतरण्याआधी वळसा, हे सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरूनच वेळापत्रक लावतात.

सी-६०१: आणि लहान विमानतळाचं एक वेगळंच असतं. पुष्कळ ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जायला-यायला वेगळा रस्ता, नसतो. विमान उतरतं, टोकाला जाऊन पूर्ण वळतं आणि त्याच धावपट्टीवरून परत येतं. तोवर दुसऱ्या विमानाला उतरता येत नाही, ते वर घिरट्या घालत थांबतं. मी नोकरीत हे रोज बघितलंय.

डी-२०५: येताना आणि जाताना वेळ वेगळी का असते? अंतर तर तेच.

सी-६०१: वारा. समोरून ताशी ६० किमीचा वारा असला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ४४० राहतो, ४३० किमीला जवळजवळ ५९ मिनिटं. तोच पाठीमागून असला तर ४६.

ए-१०३: जेट असतं तर निम्म्या वेळेत पोचलं असतं ना?

सी-६०१: नाही हो. एवढ्याशा अंतरात जेटचा बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील.

बी-४०२: काका, आईच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितली आहे.

सी-६०१: मग १:०५ च्या पुढे वीस-पंचवीस मिनिटं धर, व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे असतं, पुढे सामान. तिला मागच्या बाजूची सीट घ्यायला सांग, आत चालणं कमी पडेल. निघण्याआधी विमान खरंच सुटलं का ते बघ. तिकडून उशीर झाला की ती वीस मिनिटंसुद्धा पुढे सरकतात.

बी-४०२: आत्ताच सीट बदलून घेतली, मागून दुसरी रांग 🙏

(दुसऱ्या दिवशी)

बी-४०२: काका, विमान १२:५६ ला टेकलं, पण जागेवर यायला १:०३ झाले. टोकाला जाऊन वळताना काचेतून दिसलं. आई १:२६ ला बाहेर आली. आता गाडीत झोपलीये.