हीथ्रो ते केनेडी: अंतर तेच, मग वेळ वेगळी का?

प्रश्न (पतंगदोरी):
आई पहिल्यांदाच एकटी लंडनहून न्यूयॉर्कला जाणार आहे. तिथल्या हीथ्रो ते केनेडी या विमानतळांमधलं अंतर सुमारे ५,५४० किमी दिसतं. विमान ताशी ९०० किमीने गेलं तर सव्वासहा तासही लागू नयेत. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात! शिवाय नकाशावर मार्ग उत्तरेकडे वाकलाय. तिला मी नेमकी किती वेळ सांगू?

गलबत:
तिथली घड्याळं पाच तास मागे असतात, ते धरलंत का?

पतंगदोरी:
हो, ते धरूनच.

होकायंत्र:
मी बरीच वर्षं उड्डाणांचे मार्ग आखायचं काम केलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. आधी वाकड्या रेषेचं सांगतो. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो आयर्लंड, न्यूफाउंडलंडच्या बाजूने जातो आणि तीच सगळ्यात जवळची वाट. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, एवढंच. ५,५४० हा आकडा याच वाटेचा.

आता वेळ. ९०० हा विमानाचा हवेच्या तुलनेतला वेग, आणि इथे हवाच पळत असते. अटलांटिकवर उंचावर जेट स्ट्रीम, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समजा तो ताशी १०० किमी आहे. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं. येताना १,००० होतो, ५ तास ३२ मिनिटं. बेरीज करून बघा: वारा नसता तर जाऊनयेऊन १२ तास १९ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे १२ तास २७. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून येतानाचा फायदा जातानाचा तोटा पुरता भरून काढत नाही. हे गणित पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी दिवसभर त्याच आनंदात होतो.

वारा किती जोर करू शकतो? फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या काळात एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. म्हणूनच या समुद्रावरच्या वाटा रोज वारा बघून नव्याने आखतात. जाणाऱ्यांना तो टाळायचा असतो, येणाऱ्यांना पकडायचा असतो.

उरलेला तास-दीड तास इतर गोष्टींत जातो. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि उशिरासाठी राखून ठेवलेली मिनिटंही येतात.

पतंगदोरी:
म्हणजे आईला आठ तासच सांगू?

होकायंत्र:
हो, आठच सांगा. अंतराला वेगाने भागून आलेला आकडा सांगू नका, नाहीतर सहा तास झाले की ती उगाच घाबरेल. तिला घ्यायला जाणाऱ्यांना सांगा, विमान टेकल्यावरही पासपोर्ट आणि सामान यात बराच वेळ जातो. त्या दिवशी निघण्याआधी उतरण्याची ताजी वेळ बघायला सांगा, वाऱ्याप्रमाणे ती बदललेली असेल.