हा पट्टेरी कॅटफिश नक्की कोणता?

मंडळी, मदत हवी आहे. महिन्यापूर्वी घरच्या टँकसाठी एक कॅटफिश आणला, १५ सेमी असेल, डोकं चपटं आणि लांब, मिशा तर जवळजवळ अंगाच्या अर्ध्यापर्यंत, करड्या अंगावर काळे उभे पट्टे आणि शेपटीवर ठिपके. विकणाऱ्याने जातीचं नाव फॅसिएटम सांगितलं, नेटवर तसाच फोटो टायग्रिनम नावाने दिसतो. कोणाचं खरं धरू? दिवसभर पाइपमागे पडून असतो, रात्री फिरतो. सोबतचे चार छोटे मासे, निऑन टेट्रा, गायब आहेत.

पाणमांजर: टेट्रा त्याच्या पोटात गेले, शोधू नका. स्यूडोप्लॅटिस्टोमा या दक्षिण अमेरिकेतल्या कॅटफिशच्या गटातला आहे हे नक्की, बाजारात सरसकट टायगर शोव्हलनोज म्हणतात. फॅसिएटम हे नाव मात्र जुन्या सवयीने चिकटलंय. २००७ पर्यंत यात तीनच जाती धरायचे, मग बुइत्रागो-सुआरेझ आणि बर या संशोधकांनी आठ केल्या आणि फॅसिएटम फक्त गयानाकडच्या नद्यांपुरता उरला. ॲमेझॉन, ओरिनोको, माग्दालेना, पाराना या नद्यांतले मासे बाकीच्या नावांत वाटले गेले. नंतर डीएनए बघणाऱ्यांनी आठही खरंच वेगळ्या आहेत का अशी शंका काढली, तो वाद वेगळा. त्यामुळे मासा कुठल्या नदीतला हे कळल्याशिवाय मी तरी जातीचं नाव देणार नाही.

काठावरचा: पट्ट्यांवरून अंदाज येतो की. सरळ उभे पट्टे आणि शेजारी फिकट रेघ असेल तर फॅसिएटमकडे झुकतं, पट्टे वळून फासासारखे झाले तर टायग्रिनम, जाळीच विणल्यासारखी दिसली तर रेटिक्युलाटम, ठिपकेच जास्त ठळक असले तर कॉरुस्कन्स. पण १५ सेमीचं पिल्लू आहे, नक्षी वाढताना बदलते, म्हणून आत्ताच ठाम बोलू नका. दोन्ही बाजूंचे आणि वरून एक असे फोटो टाका. शेपटी लालसर दिसत असेल तर तेही सांगा, रेडटेल या लाल शेपटीच्या कॅटफिशशी केलेले संकर विकायला येतात.

पाणमांजर: हो, संकराचं राहिलंच होतं. आणि ताई/दादा, जात कुठलीही निघो, हा खूप मोठा होणारा मासा आहे, काही जाती तर मीटरच्या पुढे जातात. घरातल्या टँकमध्ये त्याला वळतासुद्धा येणार नाही, काचेवर थुतरी आपटून जखमा करून घेतात बिचारे. मोठं तळं असलेला कोणी आत्तापासूनच शोधा, नदीत मात्र कधीच सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती: शेपटी लाल नाही, पट्टे सरळच आहेत, दोन मात्र वर वळलेत. आकाराचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, फार वाईट वाटतंय. फोटो रात्री टाकते, तेव्हाच बाहेर येतो.