टाइप वन मधुमेह: रात्री शुगर लो होते आणि कळत नाही. अंगाला चिकटवून सतत शुगर मोजणारा नुसता सेन्सर घ्यावा की अंगावर राहून नळीतून इन्सुलिन देणारा पंप? नागपूरच्या उन्हात वापरणाऱ्यांनी सांगा

नमस्कार मंडळी,

मला सातवीत असताना टाइप वन निघाला, आता माझी मुलगी सातवीत आहे. सध्या रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन) आणि जेवणाआधी लिस्प्रो (झटपट काम करणारं), दोन्ही इन्सुलिनच्या पेननेच. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, सात-साडेसात असते. डोळे आणि किडनी दरवर्षी तपासते, सगळं ठीक आहे.

पूर्वी शुगर उतरली की हात थरथरायचे, घाम फुटायचा आणि मी लगेच ग्लुकोज खायचे. आता ते काहीच होत नाही. गेल्या महिन्यात मिस्टर पहाटे कूलरमध्ये पाणी भरायला उठले, तेव्हा मी पलंगावर बसलेली. डोळे उघडे, पण हाक मारली तर उत्तर नाही. त्यांनी बोट टोचून पाहिलं तर ४१. ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. तेव्हापासून ते रात्री दोनचा गजर लावून झोपतात, आणि मला ते बघवत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं, वर्षानुवर्षं वरचेवर लो झाली की शरीर इशारे देणं कमी करतं; काही आठवडे लो होऊच दिली नाही तर ते थोडेफार परत येऊ शकतात. त्यांनी ग्लार्जिन कमी केलं आहे, आणि सेन्सर घ्याच, जमलं तर पंप, असं सांगितलं.

पंपाचं आकर्षण हे की सेन्सरशी जोडलेला असला तर शुगर उतरायला लागताच तो इन्सुलिन आपणहून थांबवतो. भीती वेगळी आहे. त्यात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, म्हणजे नळी मुडपली तर काही तासांत कीटोन (इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात साचणारी घातक आम्लं). शिवाय पंचेचाळीस डिग्रीत स्कूटीवर शाळेत जाताना अंगावरचं इन्सुलिन टिकतं का? माझं पेन मी दोन मडक्यांच्या मध्ये ओली रेती भरून आत ठेवते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते छान गार राहतं. पंप काही मडक्यात ठेवता येत नाही. आणि घामाने सेन्सरची चिकटपट्टी पंधरवडाभर टिकते का? वरून कुठली टेप लावता?

सासूबाई मायेनं म्हणतात, लाखभर कशाला घालवतेस, इलाज येतोच आहे. मलाही तीच आशा आहे. २०२५ मध्ये स्टेम सेलपासून केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या चाचणीचे निकाल आले: पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. निवडलेली माणसं माझ्यासारखीच, लो न कळणारी. वाचून मी रडले. पण शरीराने त्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरूच ठेवावी लागतात. स्वीडनमध्ये जनुकं बदललेल्या पेशी अशा औषधांशिवाय एका माणसाच्या हाताच्या (कोपराखालच्या) स्नायूत टिकल्या, तरी पेशी थोड्याच होत्या, त्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही. तो इलाज माझ्यापर्यंत येईल तेव्हा मी धडधाकट असले पाहिजे, म्हणून पैसे आत्ता खर्च करायला मी तयार आहे. फक्त आधी कशावर करू?

विदर्भात पंप वापरणारं कोणी असेल तर उन्हाळ्यातला अनुभव जरूर लिहा. मेडिक्लेममधून काही परत मिळालं असेल तर तेही सांगा. नवतपा लागायच्या आत ठरवायचं आहे.