जीभ काळी म्हणून कडकनाथ अस्सल? रंग बघून पैदाशीची कोंबडी निवडू नका

खुराडं_परसदारी
परसातल्या पाळणीसाठी कडकनाथ घेताना एकच परीक्षा चालते: चोच उघडायची, जीभ काळी दिसली की पैसे मोजायचे. या परीक्षेतून जात कळत नाही, जेमतेम दोन जनुकं कळतात. कातडी, हाडांवरचं आवरण, आतडी काळी करणारा फायब्रोमेलॅनोसिस हा गुण प्रभावी आहे, एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. दुसरं जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं आणि कातडीतला काळा रंग दाबून टाकतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या बऱ्याच कोंबड्यांत ते असतं.

आता अस्सल कडकनाथ कोंबडा अशा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडा. नर पिल्लांना आईकडून दाबणारं जनुक मिळतं, ते फिके निघतात. मादी पिल्लांना आई हे गुणसूत्र देतच नाही, म्हणून तलंगा, म्हणजे तरुण माद्या, काळ्या. निम्मं रक्त परकं, जीभ मात्र काळी. याच तलंगा ‘प्युअर’ म्हणून खपतात.

काळा_तुरा
जनुकांचं मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही. २०१८ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या काळ्या मांसाच्या ओळखीवरच. गिऱ्हाईक भाव देतं तो रंगाला. गुलाबी तळवा, पांढरी नखं, लालभडक तुरा असलेला पक्षी पैदाशीत ठेवला, तर चार पिढ्यांत काळ्या पिसांची गावरान कोंबडी हातात उरेल. आणि आपल्याकडे प्रयोगशाळा नाही. डोळा, जीभ, तळवा, शेपटीखालची कातडी, एवढंच तपासता येतं. तीही परीक्षा सोडा म्हणता, मग उरतं काय?

खुराडं_परसदारी
वजन आणि अंडी उरतात, भाऊ. कडकनाथ कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची, कोंबडा दोन किलोच्या आसपास. अंडी वर्षाला शंभराच्या आतबाहेर, तीही सहाव्या महिन्यानंतर सुरू. कोणी तीन महिन्यांत दीड किलोची किंवा वर्षाला दोनशे अंड्यांची ‘कडकनाथ’ विकत असेल, तर ती जीभ कितीही काळी असली तरी संकर आहे. अंडं फिकट तपकिरी असतं, रक्त लालच असतं. काळं अंडं, काळं रक्त सांगणाऱ्याकडून पिल्लूही घेऊ नका.

उबवणीची_पेटी
घरी करता येईल अशी चाचणी आहे. जिच्यावर शंका आहे ती कोंबडी निळसर-करड्या पायांच्या, पण गुलाबी कातडीच्या गावरान कोंबड्याबरोबर वेगळी ठेवा. असा कोंबडा सहसा रंग दाबत नाही. आधीच्या नराचं बीज तिच्या पोटात राहतं, त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांची अंडी उबवू नका, खा. नंतरची उबवा. कोंबडी दोन्हीकडून शुद्ध असेल तर सगळी पिल्लं काळ्या कातडीची. एकाच बाजूने काळी असेल तर निम्मी फिकी. सहा-आठ पिल्लं काळी निघाली आणि एकही फिकं नाही, तर काळ्या जनुकापुरता भरवसा धरा.

हीच कोंबडी शुद्ध कडकनाथ कोंबड्याखाली ठेवली तर सगळी पिल्लं काळी दिसतात आणि भेसळ झाकली जाते. बहुतेक जण इथेच फसतात. चाचणीतली पिल्लं मात्र मांसासाठीच ठेवा, पैदाशीत मिसळू नका.

काळा_तुरा
चाचणी चांगली आहे, पण दहा कोंबड्यांच्या परसात प्रत्येकीला वेगळं ठेवणार कोण? मी म्हणेन, कोंबडा तपासा. पूर्ण काळा कोंबडा दाबणारं जनुक वाहत नाही, वाहत असता तर फिका दिसला असता. म्हणजे नराच्या बाबतीत रंग बरंच सांगतो. आठ-दहा कोंबड्यांना एक असा कोंबडा द्या.

खुराडं_परसदारी
दाबणाऱ्या जनुकाबद्दल बरोबर. पण काळेपणा त्याला एकाच पालकाकडून आलेला असू शकतो, ते त्याच्या रंगात दिसणार नाही. आणि तोच कोंबडा दरवर्षी ठेवून त्याच्याच लेकींवर सोडला, तर रंग टिकेल, उबवण घसरेल. निफळ अंडी आणि कवचातच मेलेली पिल्लं वाढली, की यंत्राला दोष देण्याआधी कोंबडा बदला, तोही नात्याबाहेरचा.

रोज_अंडी_मोजा
ताई-भाऊ, एक अडचण राहिलीच. पिवळ्या पायांची कोंबडी अंडी देऊ लागली की आधी गुदद्वाराजवळचा, मग डोळ्याभोवतीचा, चोचीचा आणि शेवटी पायांचा पिवळा रंग उतरतो. त्यावरून कोण घालते, कोण नुसतं खाते, हे कळतं. काळ्या कोंबडीत ही खूण मिळत नाही. तिच्यात गुदद्वार ओलसर व रुंद आहे का, त्याखालच्या दोन हाडांमध्ये किमान दोन बोटं बसतात का, ते बघा. रक्तक्षयही तुऱ्याच्या रंगावरून पटकन कळत नाही, म्हणून विष्ठा आणि वजन दर आठवड्याला तपासावं लागतं. रंगाची निवड करणाऱ्यांनी निदान हे काम वाढतंय, एवढं धरून चालावं.

काळा_तुरा
हे मान्य. पायात रंगीत रिंगा घालून प्रत्येकीची अंडी लिहून ठेवा. काळ्यांतल्या काळ्या आधी निवडा आणि त्यांतून अंडी जास्त देणाऱ्या ठेवा. हा क्रम मात्र मी बदलणार नाही.

खुराडं_परसदारी
मी उलटा ठेवेन. आधी अंडी आणि उबवण, मग जीभ.