माळ्यावरची सूर्यचूल

चिंचेचीसावली
गेल्या रविवारी माळा आवरताना जुन्या चादरीत गुंडाळलेली आईची सूर्यचूल सापडली. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. सोलापूरला आमच्याकडे ती १९८७ साली अनुदानावर आली होती. सकाळी साडेनऊला काळ्या डब्यांतून डाळ, तांदूळ आणि बटाटे आत जात, आणि दर तासाला गच्चीवर जाऊन पेटीचे तोंड उन्हाकडे वळवण्याचे काम माझ्याकडे असे. मी खेळात विसरलो की भात कच्चा राही आणि सगळ्यांची बोलणी मला खावी लागत. पोळ्या आणि फोडणी गॅसवरच होत असल्याने गॅस सुटला असे नाही, पण सिलिंडरचा नंबर लावून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याच्या त्या दिवसांत तो बराच लांबे. आपल्या घरी असे काय काय होते?

पाटावरवंटा
सूर्यचुलीत भाजलेले शेंगदाणे ज्याने खाल्ले नाहीत, त्याला शेंगदाणे कळलेच नाहीत. ढवळायला नको आणि करपण्याची भीतीही नाही. आमच्या पेटीचा आरसा माकडाने फोडला, तेव्हापासून ती घरात धान्याची कोठी झाली आहे.

कौलारू
आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला गोबरगॅस होता. शेण आणि पाणी समसमान कालवून टाकीत सोडायचे काम आजोबा स्वतः करत, आणि थंडीत जिवाणू मंदावल्याने गॅस कमी झाला की तेच सर्वांत अस्वस्थ होत. पुढे काकांनी संडासही त्याच टाकीला जोडण्याचे ठरवले, तेव्हा आजीने त्या ज्योतीवर पुरण शिजवायला साफ नकार दिला. वर्षभर घरात दोन चुली पेटत होत्या. मग एका पावसाळ्यात सरपण भिजले आणि आजीने कोणाशी काही न बोलता गोबरगॅसवर चहा ठेवला. त्यावर कोणीही अवाक्षर काढले नाही.

गोदाकाठ
कौलारू, आजी थोर! आम्ही मागच्या वर्षी छतावर ३ किलोवॉटचे पॅनेल बसवले आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले. स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट होतात, आषाढात मात्र मीटरकडे पाहवत नाही. सर्वांत मोठा भ्रमनिरास पहिल्यांदा वीज गेली तेव्हा झाला, कारण छतावर रणरणते ऊन असूनही घरातले पंखे थांबले. बॅटरी नसलेली अशी यंत्रणा तारेतला पुरवठा जाताच स्वतःहून बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्याच विजेचा धक्का बसेल. हे आम्हाला आधी कोणीच सांगितले नव्हते.

निमूटपणे
आमच्या सोसायटीत गच्चीचा वाद मिटायचा आहे, त्यामुळे पॅनेल दूरच. मी फक्त पंखे बदलले. जुना पंखा ७५ वॉटचा आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ वॉटचा, म्हणजे रोज दहा तास चालला तर महिन्याला पंख्यामागे साधारण १४ युनिट वाचतात. सासरे म्हणतात की वारा पूर्वीसारखा लागत नाही. रिमोट मात्र त्यांच्याच उशाशी असतो.

दूरदेशी
निमूटपणेताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. मी जर्मनीत भाड्याच्या घरात राहतो. येथे बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल टांगून त्याची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावता येते; २०२४ पासून अशा यंत्रणेच्या इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणाऱ्या यंत्राची, मर्यादा ८०० वॉट आहे. उन्हाळ्यात दिवसा फ्रिजचा भार त्यावर निघतो, डिसेंबरात मात्र ते केवळ शोभेचे राहते. आईला व्हिडिओवर दाखवले, तर तिने विचारले, «अरे, मग कपडे कुठे वाळत घालतोस?»

वाफाळलेला
आमची आई कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करून तो गोधडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवत असे. तासाभराने डाळ मऊ झालेली असे. त्या गोधडीला कायम हिंगाचा वास येई, आणि पाहुणे आले की नेमकी तीच त्यांच्या वाट्याला जाई.
चिंचेचीसावली, काच शाबूत आहे का?

चिंचेचीसावली
वरची तडकली होती, ती काचवाल्याकडून कापून आणली. डब्यांना आतून रंग लावू नका, फक्त बाहेरून लावा, हे आईने फोनवर तीनदा बजावले. आज साडेनऊला भात लावला आहे. वळवायला मुलाला सांगितले होते आणि तो आत्ताच सायकल घेऊन गेला, तेव्हा मीच वर जाऊन येतो.